हाडं, बांगड्या आणि इंगळे सर

माझा स्वभाव जळका आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मोहल्ल्यात बहुतेकांना ठाऊक आहे, आणि आता अंकात छापून येणार म्हटल्यावर उरलेल्या रिसोडलाही कळेल. संपादकांनी सांगितलं होतं की वानखडे भाऊ, एवढी वर्षं दवाखान्यात एक्सरे काढले, ते अनुभव लिहा, लोकांना हाडांबद्दल चार गोष्टी कळतील. लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत इंगळे सर येऊन उभे राहिले. त्यांना बाजूला सारून दोनदा सुरुवात केली, जमली नाही. तेव्हा म्हटलं, पोटात आहे ते आधी बाहेर काढावं. मी इंगळे सरांवर जळतो. मनापासून जळतो.

इंगळे सर म्हणजे आमच्या गावातले पी.टी.चे निवृत्त मास्तर. माझ्याच वयाचे. बायको वारलेली, मुलगा पुण्यात, पाठ अजून ताठ आणि डोक्यावरचे केस जागच्या जागी. त्यांनी माझं काही चोरलं नाही, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. त्यांचा गुन्हा एवढाच की जी गोष्ट मी घरात बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होतो आणि कोणी कानावर घेत नव्हतं, ती त्यांनी मैदानात उभं राहून एकदा सांगितली आणि माझ्याच बायकोनं ती ऐकली.

पण आधी धंद्याचं सांगतो, नाहीतर माझं दुखणं कळायचं नाही.

एक्सरे टेक्निशियनला आमच्याकडे फोटोवाला म्हणतात. मी सगळी नोकरी एकाच दवाखान्यात, एकाच खोलीत केली. खोलीला खिडकी नव्हती आणि शेजारी तिच्याहून लहान अंधारखोली होती. तिथं लाल दिव्याखाली फिल्म धुवायची, एका टाकीतून काढून दुसऱ्या टाकीत बुडवायची आणि क्लिपा लावून वाळत घालायची. बोटं औषधानं पिवळी पडायची, कपड्यांना आंबूस वास यायचा. पुढं कॉम्प्युटर आला आणि फिल्म धुणं गेलं. पण माणसाला नीट उभं करणं, दुखरा हात नेमका ठेवणं आणि 'हलू नका, श्वास धरा' म्हणणं, हे शेवटपर्यंत राहिलं. श्वास खरं तर छातीच्या नाहीतर पाठीच्या फोटोला धरायचा असतो. मला सवयच लागली होती, मी बोटाच्या फोटोलाही श्वास धरायला लावायचो.

गिऱ्हाइकं एकेक भारी. लेकीकडे पाहुणा आलेला कामरगावचा एक म्हातारा टोंगळ्याचा, म्हणजे गुडघ्याचा, फोटो काढून उठला आणि म्हणाला की आता भल्लं हलकं वाटून राह्यलं. डॉक्टरांना न भेटताच गेला. पुढच्या वर्षी परत आला, का तर मागच्या खेपेच्या फोटोनं गुण आला होता. मी त्याला समजावून सांगितलं, पण खरं सांगू, मनातून बरं वाटलं. फोटोवाल्याला कोणी गुणाचं श्रेय देत नाही. ते डॉक्टरला जातं, प्लास्टर घालणाऱ्याला जातं, गावच्या देवाला जातं.

शिरपूरची एक आजी मात्र कायमची माझ्या लक्षात राहिली. ती पाठदुखीसाठी आली होती, पण तक्रार सगळी लुगड्याची. नेहमीचंच लुगडं, नेहमीच्याच बाईनं नेसलेलं, आणि वर्ष-दोन वर्षांपासून ते जमिनीवर लोळायला लागलं होतं. सून म्हणायची सासूला नेसता येत नाही, सासू म्हणायची आताचं कापडच वाढतं. मी तिला कुशीवर निजवून फोटो काढला. पाठीचे दोन-तीन मणके समोरून दबून चपटे झाले होते. विचारल्यावर आठवलं तिला, एकदा पाण्याची बादली उचलताना पाठीत कट् झालं होतं, चार दिवस शेकलं आणि विसरली. लुगडं वाढलं नव्हतं, आजी कमी झाली होती. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं पातळ लोळायला लागलं, फळीवरचा डबा तिच्या हाताला येईनासा झाला, तर हसू नका, डॉक्टरला दाखवा. एवढी एक गोष्ट या लेखातून घेतली तरी पुष्कळ झालं.

हाड ठिसूळ होताना दुखत नाही, तीच त्याची लबाडी. पोत्याला बारीक भोक पडून ज्वारी गळत राहते आणि पोतं मात्र कोपऱ्यात उभंच दिसतं, तसं आहे ते. फोटोत हाड फिकं दिसायला लागतं तोवर आतलं बरंच गेलेलं असतं. मग एक दिवस बाई न्हाणीत घसरते, नाहीतर नुसती उंबऱ्याला अडखळते, आणि खुबा मोडतो.

कोणाचा मोडतो तेही मला दारातून आत येणारी बाई पाहून कळायला लागलं होतं. पाळी गेलेली. अंगानं किरकोळ. तंबाखू लावणारी. टोंगळेदुखीवर बाजारातून बिननावाच्या पुड्या आणून खाणारी, त्या पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तरुणपणीच पिशवी काढून टाकलेली. आमच्याकडे गावंच्या गावं अशा बायकांची आहेत. जिच्या आईचंही असंच हाड मोडलं होतं ती. आणि जिच्या घरी दुभती म्हैस आहे, पण दूध डेअरीला जातं, उरलेलं नातवाला जातं, आणि हिच्या वाट्याला कोरा चहा येतो ती.

आता बांगड्यांचं सांगतो, कारण पुढं त्या लागणार आहेत.

बाई पडते तेव्हा हात टेकते, म्हणून सगळ्यात आधी मनगट मोडतं. मनगट सुजतं आणि सुजलेल्या मनगटावर काचेच्या बांगड्या रुततात. फोटोत त्या हाडावर आडव्या येतात हे एक, पण खरी भीती वेगळी. सूज वाढली की बांगडी आवळते, रक्त अडतं, बोटं निळी पडतात. म्हणून पहिलं काम बांगड्या काढायचं. आणि आमच्याकडची बाई एक वेळ हात तोडू देईल, बांगड्या काढू देणार नाही. नवरा जिवंत असताना हात उघडा करायचा म्हणजे काय! 'फोडा' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही, 'वाढवा' म्हणायचं. सुरुवातीला मी पक्कड घेऊन वाद घालत बसायचो. एका बाईनं मला मोडक्या हातानं ढकललं होतं.

मग मी माझी एक पद्धत पाडली. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, त्यालाच आत बोलवायचं. साबणाचं पाणी त्याच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, तुमच्या नावाच्या आहेत, तुम्हीच काढा. निघाल्या तर ठीक, नाही निघाल्या तर खाली रुमाल ठेवून त्यानंच वाढवायच्या. बाई मुकाट्यानं हात पुढं करायची. बाजार समितीत लोकांवर डाफरणारे बाप्ये माझ्या खोलीत बायकोचा हात धरताना थरथर कापताना मी पाहिलेत. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं.

आता घरचं. माझी सासू म्हणजे जन्मभर वावरात राबलेली बाई. तिच्या मुलानं नवीन घर बांधलं आणि त्यात गुळगुळीत टाईल्स बसवल्या. सारवलेल्या जमिनीवर तिचा पाय कधी घसरला नाही, टाईल्सवर सांडलेल्या पाण्यावर घसरला. फोटो मीच काढला. 'हलू नका, श्वास धरा' म्हटलं तर म्हातारी म्हणाली, "जावईबापू, कायनं हालू?" खुबा मोडला होता. ऑपरेशनला घरच्यांनी वेळ लावला आणि ती खाटेची झाली ती झालीच. वर्ष काढलं नाही तिनं.

माझी बायको कुसुम ही हुबेहूब आईच्या बांध्याची. तीच बारीक हाडं, तेच अरुंद मनगट. चाळिशीच्या आसपास तिचीही पिशवी काढलेली. सासू गेल्यापासून मला एकच धास्ती लागली, की एक दिवस माझ्या टेबलावर कुसुम असेल आणि पडद्यावर तोच फोटो असेल. दिवसभर दुसऱ्यांचे खुबे पाहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तिचा पाय कुठं पडतो ते पाहायचं, असं चाललं होतं माझं.

म्हणून मी सांगायला लागलो. दूध पी, नसलं पचत तर दही-ताक घे. तिळाची चटणी रोज ताटात असू दे. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोलाना होतो तेव्हा वाटीभर खा, वरण घट्ट कर, अंडं खात जा. कोवळ्या उन्हात हात-पाय उघडे टाकून बस. चालत जा, जिने चढ. हाडाला काम दिलं नाही तर ते टिकत नाही. न्हाणीत गोणपाट टाक, रात्री दिवा चालू ठेव, गुळगुळीत चपला फेकून दे. सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली. पालथ्या घड्यावर पाणी! दुधाचा गिलास हातात दिला तर मी वळेपर्यंत तो नातवाच्या पोटात. गोणपाट टाकलं तर पाहुणे येणार म्हणून उचललेलं. उन्हात बस म्हटलं तर काळी पडन म्हणे, या वयात!

शेवग्याचं तर महाभारत झालं. शेवग्याचा पाला हाडांना चांगला, म्हणून मी एक फांदी आणली आणि अंगणात खड्डा खणायला घेतला. कुसुम आडवी आली. दारात शेवगा नसावा, घरात भांडणं होतात, असं तिची आई सांगायची. त्या शेवग्यावरून आमचं तीन दिवस भांडण झालं, म्हणजे न लावताच त्यानं आपला गुण दाखवला. फांदी वाळून गेली.

आणि मग इंगळे सर उगवले.

बाजार समितीच्या मागं एक मोकळं मैदान आहे. तिथं सरांनी सकाळी बायकांचा कवायतीचा वर्ग सुरू केला, फुकट. शेजारच्या बायका गेल्या म्हणून कुसुमही गेली. मला आधी आनंद झाला. चार दिवसांनी सकाळी पाहतो तर बाई अंगणात पाठ करून उन्हात बसलेली, पोटऱ्या उघड्या. मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला का? तर म्हणाली, सरांनी सांगितलं, सकाळचं ऊन हाडाले लागते. आठवड्यानं ताटात तिळाची चटणी आली, सरांनी सांगितलं. न्हाणीत गोणपाट आलं, सरांनी सांगितलं. चहाच्या जागी दुधाचा गिलास, आणि तो नातवानं मागितला तर त्याला, तुहा वेगळा घे, हे माहं दूध हाय. मी समोर बसून हे ऐकत होतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

एका सकाळी ती वर्गावरून आली ती हातात शेवग्याची फांदी घेऊन. सरांच्या घरच्या झाडाची. स्वतः खड्डा खणला, स्वतः लावली, दारात नाही पण न्हाणीमागं. मी विचारलं, आता भांडणं नाही का होणार? तर म्हणाली, मांगल्या अंगाले चालते, सर म्हणे. माझा शेवगा अशुभ आणि इंगळे सरांचा शुभ! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हे.

मी जळायचो म्हणजे काय काय करायचो, तेही सांगतो. दळण आणायच्या निमित्तानं सायकल मैदानाकडून घ्यायचो. तिथं बायका ओळीनं एका पायावर उभ्या, सर समोर. तोल सांभाळायचा सराव होता तो; म्हातारपणी माणूस तोल जाऊन पडतो आणि पडून मोडतो, म्हणून हाडांइतकाच तोल सांभाळायचा. सगळं बरोबर होतं. एकही चूक सापडेना, त्यानंच जास्त जीव जळायचा. चुकीचं काही शिकवत असता तर मी छाती काढून पुढं गेलो असतो. कुसुम एका पायावर उभी असायची, नजर समोर, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की मी ते लग्नानंतर फार वेळा पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर मी म्हणायचो की सरांना काय, बायको नाही, सकाळी काम नाही. रात्री भाजीत मीठ कमी असायचं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मी निवृत्त झालो होतो. एका दिवशी नात्यातल्या कार्याला मी शिरपूरला गेलो होतो आणि दुपारी शेजारणीचा फोन आला, कुसुमताई पडल्या. अंगणात पाणी होतं, कपडे वाळत घालताना पाय सरकला. मी जीपमध्ये कसा बसलो ते आठवत नाही. सगळ्या रस्त्यानं डोळ्यांसमोर सासूचा खुबा होता. उभी आहे की आडवी आहे, एवढंसुद्धा मी फोनवर विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

घरी पोचलो तर कुसुम ओट्यावर बसलेली. बसलेली पाहून माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच जीव जळला, कारण शेजारी इंगळे सर. त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून तिचा उजवा हात बांधला होता, तोही नीट, मी बांधला असता तसाच. अशा वेळेलाही माझ्या मनात आलं की यानं हिचा हात धरला असेल. स्वभावाला औषध नाही, तेच खरं.

सर उठून म्हणाले, "भाऊ, बरं झालं तुम्ही आले. कधीची रिक्षा बोलावून ठेवली होती, त्या जायला तयार नाहीत. मनगट सुजून राह्यलं, बांगड्या काढा म्हटलं तर हात लावू देत नाहीत."

मी मनगट पाहिलं. बांगड्या मांसात शिरल्या होत्या, बोटं फुगली होती. माझा पाराच चढला. जन्मभर मी हेच सांगत आलो, आणि माझ्याच घरी सुजलेला हात घेऊन ही बसून राहिली! मी ओरडलो. ती म्हणाली, "आधी साबणाचं पानी आना." सर शहाणे, रिक्षा पाहतो म्हणून बाहेर गेले.

मी साबणाचं पाणी आणलं. तिचा हात मांडीवर घेतला. दोन बांगड्या कशाबशा निघाल्या, बाकीच्या हलेनात. खाली रुमाल ठेवला. सांगायला लाज कसली, माझे हात कापत होते. फोटोच्या टेबलावर ज्या बाप्यांना मी हसायचो, त्यांतला प्रत्येक जण मला आठवला. एकेक बांगडी वाढवत गेलो. आणि माझ्या तोंडातून तेच निघालं जे निघायला नको होतं. म्हटलं, "सर तर हजर होते. त्यांचं सारं ऐकतं तू. हेच एक काहून नाही ऐकलं?"

"सराचं ऐकतो म्या पायासाठी," ती म्हणाली. "बांगड्या तुमच्या नावाच्या हायेत. त्या सरानं काहून काढायच्या?"

पण जळका माणूस, तेवढ्यावर कसा थांबणार? म्हटलं, "मंग दूध, तीळ, ऊन? तेच तर मी सांगत होतो एवढी वर्षं. ते काहून नाही ऐकलं माहं?"

एक बांगडी राहिली होती ती तिनं माझ्यापुढं केली. मग म्हणाली, "तुमी दुधाचा गिलास देत अन् माह्या खुब्याकडे पाहत. मी उठली का तुमी पाहत, बसली का पाहत. तुमच्या डोयात मले माही माय दिसे, खाटेवर पडलेली. मले वाटे, या मानसानं माहा फोटो कवाचाच काढून ठेवला. सर पाहते तवा मी त्याईले उभी दिसतो. म्हून मी उभी राह्यतो."

शेवटची बांगडी मी वाढवली. रुमालाची घडी केली. रोज संध्याकाळी घरी येऊन मी तिच्याकडे पाहायचो, ते प्रेमानं पाहतो असं मला वाटायचं. ती मात्र तेव्हा माझ्या टेबलावर असायची.

दवाखान्यात माझ्या जागी आता एक हुशार पोरगी आहे. तिनं मला काचेमागं उभं केलं. मनगटाला तडा होता, पण हाड जागेवरून सरकलं नव्हतं. कुशीवर पडली होती म्हणून मी हट्टानं खुब्याचा फोटो काढायला लावला. पडद्यावर फोटो आला आणि मी नजर दुसरीकडे केली. ती पोरगी म्हणाली की काका, बघा तरी. खुबा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, पाय सरकल्यावर सरळ न कोसळता गुडघे वाकवून हात टेकता आला, पायांत ताकद होती म्हणून निभावलं. कसला व्यायाम करता, असं त्यांनी विचारलं. कुसुमनं प्लास्टरचा हात छातीशी धरून अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं इंगळे सरांचं नाव सांगितलं. मी तिथंच उभा होतो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, तेही लिहितो. या वयात नुसतं पडून मनगट मोडलं म्हणजे हाडांनी दिलेला इशारा आहे, तो वाया घालवू नये. त्यांनी हाडांची घनता तपासायला अकोल्याला पाठवलं, आणि तिथून आल्यावर औषध सुरू झालं. तीळ आणि ऊन आपल्या जागी, पण गरज असेल तिथं औषधही लागतं. ते डॉक्टरच्या सांगण्यानंच घ्यावं, शेजारणीच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत. बरोबर मी गेलोच होतो, तर माझंही रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व पार तळाला. डॉक्टर म्हणाले, उन्हात जात नव्हता का? बिनखिडकीच्या खोलीत जन्म काढलेला माणूस काय सांगणार! बाप्यांचीही हाडं ठिसूळ होतात, उशिरा होतात एवढंच. अकोल्याहून येताना कुसुम बसमध्ये एकटीच हसत होती.

प्लास्टर निघालं तशी ती पुन्हा मैदानावर जायला लागली. त्याआधी कासाराकडे जाऊन नव्या बांगड्या भरल्या, मी बरोबर होतो. आणि एका सकाळी मी काही न बोलता चपला घातल्या आणि तिच्या मागं निघालो. जाड तळाच्या चपला.

इंगळे सरांनी मला पाहिलं आणि हात जोडून या या म्हणाले. वर्गात बाप्या मी एकटाच. बायकांनी पदराआड हसून घेतलं. मी थेट पहिल्या ओळीत गेलो आणि सरांच्या आणि कुसुमच्या मधोमध उभा राहिलो. हे मी मुद्दाम केलं. आजही मी तिथंच उभा राहतो, आणि का उभा राहतो ते सरांना कळलं असावं. भला माणूस आहे, काही म्हणत नाही. त्याचाही मला राग येतो.

सरांनी सांगितलं, एक पाय वर. बायका सगळ्या झाडासारख्या उभ्या. मी पाय उचलला आणि लगेच टेकला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. जन्मभर लोकांना हलू नका सांगणारा माणूस मी, मला स्वतःला क्षणभर स्थिर राहता येईना. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा श्वास आपोआप छातीत अडकला, दात आवळले गेले आणि मी एका बाजूला कलायला लागलो.

मागून कुसुमचा हात माझ्या खांद्यावर आला. तोच, मोडून बरा झालेला, बांगड्यांचा.

"हालू नका," ती म्हणाली. "पन श्वास घेत राहा."